क्लच नाही, मग जळलं काय?

मंडळी, 'स्टॉल' हा शब्द आमच्याकडे यात्रेतला. कार्तिक पौर्णिमेला कपिलधारला मन्मथ स्वामींच्या समाधीच्या दर्शनाला गेलं की येताना चहाचा स्टॉल, भज्यांचा स्टॉल, माळा-विभूतीचा स्टॉल. दुसरा अर्थ कळतो तो गाडी शिकताना. क्लच लवकर सुटला, गाडीनं आचका दिला आणि इंजिन बंद पडलं की शिकवणारा म्हणतो, "स्टॉल केली बघा तुम्ही!" पण याच शब्दाला तिसराही एक अर्थ आहे, आणि तो दुसऱ्याच्या अगदी उलट आहे. तिथे गाडी जागची हलत नाही, पण इंजिन मात्र बंद न पडता जोरात फिरत असतं. ऑटोमॅटिक गाडीच्या पोटात टॉर्क कन्व्हर्टर नावाचं जे यंत्र असतं, त्याच्या बाबतीत 'स्टॉल' म्हणजे हे.

मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. यंत्रांशी माझा संबंध सायकलचा पंप आणि शाळेची घंटा एवढाच. तरी या वयात या विषयात शिरलो, त्याचं कारण दोन वर्षांपूर्वीची यात्रा.

बीडहून सोलापूरच्या रस्त्यानं निघालं की बालाघाटचा डोंगर चढावा लागतो, मांजरसुंबा घाट. यात्रेच्या दिवसांत तिथे दिंड्या, ट्रॅक्टर, जीपा, एसट्या यांची अशी दाटी होते की गाड्या गोगलगायीसारख्या सरकतात. माझा भाचा पुण्याहून नवी ऑटोमॅटिक गाडी घेऊन आला होता. मागच्या सीटवर माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे. शिवाय शेजारच्या दोन म्हाताऱ्या. चढावर रांग थांबली की भाचा ब्रेकवर पाय ठेवायचा नाही. ॲक्सिलरेटर जरासा दाबून गाडी जागच्या जागी तोलून धरायचा. मागे सरकत नाही, पुढे जात नाही. त्याला त्यात मोठी गंमत वाटत होती. अर्ध्या तासानं समोरच्या पाटीवर गिअरबॉक्सच्या तापमानाचा दिवा लागला, करपट वास आला आणि गाडीनं चढायला नकार दिला. तिन्ही म्हाताऱ्या भर उन्हात रस्त्याच्या कडेला. अक्काचं दर्शन त्या वर्षी हुकलं. तिच्या वयात 'पुढच्या वर्षी जाऊ' हे वाक्य किती हलक्यानं बोलायचं, ते तुम्ही जाणताच.

भाच्याचा प्रश्न मात्र बिनतोड होता. "मामा, या गाडीत क्लचच नाही. मग जळलं काय?"

त्यावर अक्का म्हणाली, "आरं, बैल चढावर थांबला तर चाकामागं दगुड लावतेत. जुवाला ताणून धरीत कुणी उभं ऱ्हातं का?"

पुढचे तीन महिने मी वाचनात घालवले, नातवाला प्रश्न विचारून भंडावलं, आणि शेवटी या निष्कर्षाला आलो की अक्काच्या त्या एका वाक्यात सगळा विषय होता. तरी तो सविस्तर सांगतो, कारण त्याचा इतिहास फार रंजक आहे.

आधी मूळ अडचण. वाफेचं इंजिन किंवा विजेची मोटर शून्यापासून जोर लावू शकते. पेट्रोल-डिझेलच्या इंजिनाला ते जमत नाही. त्याला स्वतः जिवंत राहायलाच मिनिटाला सात-आठशे फेरे घ्यावे लागतात. इकडे चाक तर थांबलेलं. फिरणारं इंजिन आणि थांबलेलं चाक यांची गाठ घालायची कशी? क्लचचं उत्तर असं की दोन चकत्या एकमेकींवर हळूहळू दाबायच्या, थोडा वेळ घसरू द्यायच्या, आणि वेग जुळला की घट्ट धरायच्या. ही घसरण पायाच्या कौशल्यावर अवलंबून. एसटीचे जुने ड्रायव्हर घाटात भरलेली गाडी हाफ क्लचवर अशी उचलायचे की मागच्या सीटवरच्या बाईच्या हातातलं दूध सांडायचं नाही. पण ही घसरण कोरडी असते, आणि प्रत्येक वेळी चकती थोडी झिजते.

आता समजा दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवले. एक सुरू केला, दुसऱ्याची वायर भिंतीला लावलेलीच नाही. तरी पहिल्याच्या वाऱ्यानं दुसऱ्याचं पातं फिरू लागतं. दोघांमध्ये लोखंडाचा एक तुकडा जोडलेला नाही, सगळी देवघेव वाऱ्याची. वाऱ्याच्या जागी तेल घ्या, दोन्ही पंखे एका बंद, गोल, मेदुवड्यासारख्या डब्यात समोरासमोर बसवा. इंजिनाच्या बाजूचा तो पंप, गिअरबॉक्सच्या बाजूचा तो टर्बाइन. पंप तेलाला गरगर फिरवून बाहेरच्या कडेला फेकतो, तेल टर्बाइनच्या पात्यांवर आदळतं आणि त्याला ओढत नेतं. टर्बाइन दुसऱ्या हातानं धरून ठेवला तरी पंप फिरतच राहतो, म्हणून इंजिन बंद पडत नाही. याला म्हणतात फ्लुइड कपलिंग. जेवढी पीळ देण्याची ताकद आत गेली, तेवढीच बाहेर येते, जास्त नाही. या ताकदीलाच टॉर्क म्हणतात.

पण चढावर जागची गाडी उचलायला जास्त टॉर्क लागतो. तिथे तिसरा गडी येतो, त्याचं नाव स्टेटर. टर्बाइनला धडकून परतणारं तेल उलट्या दिशेनं फिरत येतं. ते तसंच पंपावर गेलं तर पंपालाच अडवील. म्हणून दोघांच्या मध्ये वाकड्या पात्यांचं एक चाक बसवतात, जे उलट दिशेनं फिरू शकत नाही. तेल त्यावर आपटतं, वळतं आणि सुलट दिशेनं पंपात शिरतं. कपिलधारच्या धारेखाली उभे राहिलात तर पाहा, वरून पडणारं पाणी कातळावर आपटून कुठल्या कुठे वळतं. पाणी वळतं तेव्हा कातळालाही धक्का बसतो, पण कातळ हलत नाही. स्टेटर म्हणजे तो कातळ. त्यानं सोसलेला धक्का टर्बाइनच्या पदरात जमा होतो. म्हणून इंजिनानं १०० दिले तर सुरुवातीला टर्बाइनला साधारण दुपटीच्या आसपास मिळतात. यात फुकटचं काही नाही. पहारीला टेकू मिळाला की माणूस धोंडा उचलतो, तसंच. जोर वाढतो, त्या प्रमाणात वेग घटतो.

गाडी वेग घेऊ लागली की टर्बाइन पंपाच्या जवळपास पोचतो. त्याचा वेग पंपाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर गेला की परतणारं तेल उलटं येत नाही, स्टेटरची गरज संपते, आणि एकाच दिशेनं मोकळ्या होणाऱ्या त्याच्या बेअरिंगमुळे तो स्वतःही बाकीच्यांबरोबर फिरू लागतो. गरज होती तोवर ठाम उभा, गरज संपल्यावर वाटेत आडवा येत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनी शिकावं असं काही यात आहे, पण ते असो.

आता इतिहास. हे यंत्र मोटारीसाठी जन्मलंच नाही! ते जन्मलं जहाजासाठी. १८९७ साली इंग्लंडात चार्ल्स पार्सन्सच्या 'टर्बिनिया' नावाच्या छोट्या बोटीनं राणीच्या आरमारी संचलनात सगळ्यांना मागे टाकलं, आणि वाफेच्या टर्बाइनचा बोलबाला झाला. पण टर्बाइनला प्रचंड वेगात फिरायला आवडतं आणि जहाजाच्या पंख्याला सावकाश. शिवाय टर्बाइन उलटं फिरत नाही, मग जहाज मागे कसं घ्यायचं? एवढी ताकद पेलणारी दातेरी चाकं त्या काळी खात्रीची नव्हती. तेव्हाच्या जर्मनीतल्या श्टेटिन बंदरात, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या श्टेचिनमध्ये, व्हल्कन नावाच्या जहाज कारखान्यात हेर्मान फ्योटिंगर नावाचा तरुण इंजिनिअर होता. त्यानं विचार केला, की टर्बाइननं पंप फिरवावा, पंपानं पाणी ढकलावं, पाण्यानं दुसरं चाक फिरवावं. मधले नळ ताकद खातात, तर ते काढूनच टाकू आणि पंप आणि चाक एकाच डब्यात तोंडाला तोंड लावून बसवू! १९०५ साली त्यानं याचं पेटंट घेतलं. तेव्हा तो अवघा अठ्ठावीस वर्षांचा होता. आज तुमच्या-माझ्या गाडीत जो डबा आहे, त्याचा मूळपुरुष तोच.

पण नियती बघा. काही वर्षांत जहाजांसाठी चांगली दातेरी चाकं तयार झाली आणि घसरणाऱ्या पाण्यापेक्षा ती किफायतशीर ठरली. जहाजावरून फ्योटिंगरच्या यंत्राला दात्यांनी हुसकावलं, आणि पुढे तेच यंत्र मोटारीत आलं ते गिअरच्या दात्यांची कटकट कमी करायला. १९२० च्या दशकात लंडनमधल्या बसच्या आचक्यांनी हैराण झालेल्या हॅरॉल्ड सिंक्लेअर नावाच्या इंजिनिअरनं फ्लुइड कपलिंग रस्त्यावर आणण्याचा ध्यास घेतला. १९३० मध्ये इंग्लंडच्या डेमलर कंपनीनं ते आपल्या मोटारींत बसवलं. स्वीडनच्या आल्फ लिशोल्मचा टॉर्क कन्व्हर्टर त्याच दशकात लेलँडच्या बसगाड्यांत गेला. अमेरिकेत जनरल मोटर्सनं १९३९ च्या अखेरीस हायड्रामॅटिक आणलं. त्यात कपलिंग होतं, पण टॉर्क वाढवणारा स्टेटर नव्हता. दुसऱ्या महायुद्धात ब्युइकनं बनवलेल्या हेलकॅट या रणगाडाभेदी वाहनात टॉर्क कन्व्हर्टरची परीक्षा झाली, आणि १९४८ मध्ये ब्युइकच्या मोटारीत 'डायनाफ्लो' आलं. ते जवळजवळ सगळं काम तेलावरच भागवायचं, गिअर बदलायचंच नाही. लोण्यासारखं मऊ, पण उठायला आळशी. लोकांनी त्याची थट्टाही भरपूर केली.

इथून पुढचा सगळा इतिहास म्हणजे घसरणीशी चाललेलं भांडण. घसरण हवी, कारण तिच्याशिवाय गाडी उचलत नाही आणि टॉर्क वाढत नाही. घसरण नको, कारण घसरलेला प्रत्येक फेरा तेल तापवतो आणि पेट्रोल जाळतो. १९४९ मध्ये पॅकार्ड कंपनीनं उपाय काढला. वेग जुळला की डब्यातच एक क्लच लागून पंप आणि टर्बाइन घट्ट जोडले जातील. त्याला लॉक-अप म्हणतात. तेव्हा पेट्रोल स्वस्त होतं, फारशी कुणी पर्वा केली नाही. १९७३ चं तेलसंकट आलं आणि सगळ्यांचे डोळे उघडले. १९७८ मध्ये क्रायस्लरनं लॉक-अप पुन्हा आणलं, मग ते सगळीकडे झालं. म्हणजे भाच्याच्या 'क्लचच नाही' या म्हणण्याला इथे पहिला छेद गेला. आजच्या टॉर्क कन्व्हर्टरच्या आत क्लच असतोच, आणि मागच्या गिअरबॉक्समध्ये तर तेलात बुडालेल्या क्लचच्या चकत्यांचे गठ्ठे असतात. नसतो तो फक्त पायाशी.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, हे सगळं साहेबाच्या देशातलं. आपलं काय? आपलंही आहे, आणि ते फार थोड्यांना माहीत आहे. आपल्याकडे टॉर्क कन्व्हर्टर गाजला तो मोटारीत नाही, रेल्वेत. मनमोहन सुरी नावाच्या भारतीय रेल्वेच्या इंजिनिअरनं डिझेल इंजिनांसाठी एक ट्रान्समिशन तयार केलं. सुरुवातीला, जोर लागतो तेव्हा टॉर्क कन्व्हर्टर, आणि वेग आला की थेट यांत्रिक जोड. घसरण हवी तेवढाच वेळ, नंतर नाही! जगानं त्याला 'सुरी ट्रान्समिशन' म्हटलं. १९६२ सालचा अभियांत्रिकीचा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून चित्तरंजनच्या कारखान्यात बनलेल्या शंटिंगच्या इंजिनांत आणि नॅरोगेजच्या डिझेल इंजिनांत हे ट्रान्समिशन बसलं. आपल्या विदर्भातली यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची 'शकुंतला' आठवते? तिचं वाफेचं इंजिन १९९४ मध्ये निवृत्त झालं आणि नॅरोगेजचं डिझेल इंजिन आलं, ते या सुरी ट्रान्समिशनच्या वंशातलं. आता ती गाडी थांबली आहे, पण कापसाच्या मुलखात कित्येक वर्षं तेलानं तेलाला ढकलत ती डबे ओढत होती. पुण्याला हडपसरची किर्लोस्कर न्यूमॅटिकही रेल्वेसाठी हायड्रॉलिक ट्रान्समिशन बनवत आली आहे. आम्हा बीडकरांना हे बघायला मिळालं नाही, कारण आमच्या गावी रेल्वे पोचायलाच २०२५ उजाडलं!

हेच सुरी पुढे दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे संचालक झाले, आणि तिथेच 'स्वराज' ट्रॅक्टरची रचना झाली. १९७४ मध्ये तो बाजारात आला. २००७ मध्ये ती कंपनी मुंबईच्या महिंद्रांकडे आली. यात्रेला येणाऱ्या ट्रॉल्यांपुढे जे 'स्वराज' असतात, त्यांच्यामागे याच माणसाचा हात होता. घाटात त्यांचा धूर खाताना इतकं तरी आठवावं.

मोटारींत मात्र आपण उशिरा आलो. अँबॅसिडर, फियाट, मारुती ८००, सगळीकडे क्लच. यंत्र महाग आणि ॲव्हरेज कमी, आपल्या लोकांना कसं परवडावं? १९९० च्या दशकात झेनसारख्या गाडीत ऑटोमॅटिक मिळू लागली, २००८ मध्ये स्कॉर्पिओत आली. नाशिकला बनणारी थार २०२० मध्ये नव्या रूपात आली तेव्हा तिच्यात सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक मिळू लागली. मध्येच २०१४ मध्ये सेलेरिओनं एएमटी आणली. ती स्वस्त म्हणून लोकप्रिय झाली, पण तिच्यात टॉर्क कन्व्हर्टर नसतो. साधाच क्लच, फक्त पायाऐवजी यंत्र तो दाबतं. दोन्हींना आपण 'ऑटोमॅटिक' म्हणतो, म्हणून आपली गाडी यातली कुठली ते एकदा पुस्तिकेत बघून ठेवा.

आता मुद्द्याचा आकडा, स्टॉल स्पीड. चाकं ब्रेकनं पूर्ण जखडली, गाडी 'डी'मध्ये आहे आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला, तर इंजिन किती फेऱ्यांपर्यंत चढून अडेल? तो आकडा म्हणजे स्टॉल स्पीड. रस्त्यावरच्या साध्या गाडीत तो बहुधा १,८०० ते २,५०० च्या दरम्यान असतो. तो अडतो का? कारण पंपाला फिरवायला लागणारा टॉर्क फेऱ्यांच्या वर्गाप्रमाणे वाढतो. पाढ्यांत बसणारं उदाहरण घेऊ. २,००० फेऱ्यांना पंप १०० टॉर्क मागत असेल, तर २,४०० ला किती? फेरे १.२ पट, म्हणून टॉर्क १.४४ पट, म्हणजे १४४. इंजिनाकडे पूर्ण जोरात १०० च असतील तर ते २,००० वर अडणार. तोच कन्व्हर्टर १४४ देणाऱ्या इंजिनाला जोडला तर २,४०० वर अडेल. म्हणून स्टॉल स्पीड एकट्या कन्व्हर्टरचा गुण नाही, तो दोघांच्या संसारातून ठरतो. डब्याच्या व्यासाचा परिणाम तर पाचव्या घाताचा! व्यास दहा टक्के वाढवला तर तेवढ्याच फेऱ्यांना मागणी १.६ पट होते. म्हणून मोठा डबा कमी फेऱ्यांवर अडतो, लहान डबा जास्त फेऱ्यांवर.

शर्यतीच्या गाड्यांचं इंजिन खालच्या फेऱ्यांना दुबळं असतं, म्हणून ते लोक मुद्दाम लहान व्यासाचा, जास्त स्टॉल स्पीडचा कन्व्हर्टर बसवतात. सुटतानाच इंजिन आपल्या ताकदीच्या पट्ट्यात असतं. भाच्याच्या एका मित्रानं त्यालाही हे सुचवलं, "पिकअप वाढेल" म्हणून. पण बाजारात भाजी आणायला जाणाऱ्या गाडीला ते सोसत नाही. प्रत्येक सिग्नलला जास्त घसरण, जास्त ताप, जास्त पेट्रोल. मूळ इंजिनिअरांनी इंजिन आणि डबा यांची पत्रिका जुळवूनच लग्न लावलेलं असतं.

स्टॉलच्या स्थितीत गाडी हलत नाही, म्हणजे चाकापर्यंत काम शून्य. मग इंजिनाची सगळी शक्ती जाते कुठे? तेलाच्या तापात. १०० न्यूटन-मीटर टॉर्क आणि २,२०० फेरे धरले, तर हिशेब येतो सुमारे २३ किलोवॅट. आपल्या न्हाणीतला गिझर २ किलोवॅटचा. म्हणजे अकरा गिझर एका डब्यात! डब्यात तीन लिटर तेल धरलं आणि लोखंडानं शोषलेली उष्णता सोडली, तर तेल दर सेकंदाला चार अंशांहून जास्त तापतं. म्हणूनच गॅरेजमध्ये मेकॅनिक गाडी तपासायला स्टॉल टेस्ट घेतात, ती पाच सेकंदांच्या वर नेत नाहीत. फेरे ठरल्यापेक्षा जास्त चढले तर आतल्या चकत्या घसरताहेत, कमी चढले तर इंजिन दुबळं किंवा स्टेटरचं बेअरिंग गेलेलं, असं त्यावरून कळतं. ही परीक्षा घरी कुणी करून बघू नये. ब्रेक सुटला तर गाडी समोरच्याच्या अंगावर जाते.

भाच्यानं पाय पूर्ण दाबला नव्हता, १,१०० फेऱ्यांवर धरला होता असं समजू. फेरे निम्मे, टॉर्क चौथाई, आणि शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फेरे, म्हणून उष्णता अष्टमांश. २३ चे आठ भाग केले की जवळपास ३ किलोवॅट. फक्त दीड गिझर, असं वाटेल. पण तो अर्धा तास जवळजवळ सलग चालू, गाडी थांबलेली, तेल थंड करणाऱ्या जाळीवर वारा नाही, आत चार माणसं आणि वर नोव्हेंबरातलं दुपारचं ऊन. तेल मर्यादेपलीकडे तापलं की पातळ होतं, त्याचा गुण जातो, आणि मग त्याच्या दाबावर घट्ट राहणाऱ्या आतल्या चकत्या घसरू लागतात. करपट वास तो. 'जळलं काय?' या प्रश्नाचं उत्तर हे, की आधी तेल आणि मग तेलाच्या भरवशावर असलेलं सगळं.

तेव्हा अशा घाटात येणाऱ्या घरच्या मंडळींसाठी अक्काचा 'दगुड' आजच्या भाषेत सांगतो. रांग थांबली की पाय ब्रेकवर. ॲक्सिलरेटरनं गाडी तोलायची नाही. बराच वेळ थांबणार असाल तर हँडब्रेक ओढून 'एन'मध्ये टाका. तिथे टर्बाइन मोकळा होतो, पंपाबरोबर फिरतो, आणि ताप जवळजवळ थांबतो. तापमानाचा दिवा लागलाच तर सुरक्षित जागी बाजूला घेऊन 'पी'मध्ये उभी करा. पुस्तिकेत वेगळं लिहिलं नसेल तर इंजिन लगेच बंद करू नका, कारण ते चालू असेल तरच तेल जाळीतून फिरून थंड होतं. आणि उतरताना 'डी'वर सोडून नुसता ब्रेक दाबत येऊ नका. खालचा गिअर धरा, इंजिनाला अडवू द्या. एएमटीवाल्यांनी तर ॲक्सिलरेटरवर मुळीच तोलू नये, तिथे खरोखर कोरडा क्लच जळतो.

गेल्या कार्तिकीला भाच्यानं पुन्हा अक्काला नेलं. गिअरबॉक्सचं तेल बदललेलं, आतल्या चकत्या नव्या. खर्चाचा आकडा इथे लिहीत नाही, त्याची बायको हे वाचते. प्रत्येक थांब्याला त्याचा पाय ब्रेकवर जायचा आणि मागून अक्का विचारायची, "दगुड लावला का रं?" दर्शन नीट झालं. १९०५ सालच्या त्या जर्मन पेटंटपासून सुरीसाहेबांच्या ट्रान्समिशनपर्यंत मी तिला सगळं समजावून सांगितलं होतं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी तेल बी दमतं म्हन की."

मला वाटतं, यापेक्षा नेमकं मलाही सांगता आलं नसतं. या कार्तिकीला येणार असाल तर गाडीतली पुस्तिका आधी एकदा चाळून या, आणि घरी जेवायला थांबा.